होतं तिथून डावीकडे

वेल्डनहून निघा. सोसायटीचं धान्याचं कोठार मागे टाका आणि उत्तरेला चार मैल या, न्यू टाबोरचं चर्च होतं तिथपर्यंत. मग पश्चिमेला वळा. लोखंडी पूल होता तो ओढा ओलांडा. पुढे एका मैलावर उजव्या हाताला लिलॅकची झुडपं आणि पांढरं घर. आम्ही घरीच आहोत.
(लिओटा हावलिक, खाट घेऊन येणाऱ्या माणसाला, फोनवर)

खाट आणणारा माणूस राजधानीकडचा होता. दीड तास उशिरा पोचला आणि टोपी काढून म्हणाला, "बाई, सांगितलेल्या खुणांतली एक तरी खूण जागेवर असायला हवी होती."

लिओटाला हसू आलं. लॉफ्टस काउंटीत प्रत्येक रस्त्याला नंबर आहे, चौकाचौकात हिरवी पाटी आहे, पण त्या पाट्यांचा उपयोग शिकारीला निघालेल्यांना नेम धरण्यापुरताच. रस्ता सांगायचा तो गेलेल्या गोष्टींवरून. चर्च होतं तिथून वळा. सिक्स माइल गावचं पोस्ट ऑफिस होतं तिथून सरळ. इथलं काय काय गेलं हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच इथे वाट सापडते. बाकीच्यांनी चुकावं, अशीच इथल्या माणसांची आतून इच्छा असते.

लिओटा मात्र मोजणारी बाई. एकतीस वर्षं काउंटीच्या घरपट्टी कचेरीत, आणि साठी उलटली तरी अजून दर मंगळवारी तीन तास. मोजायची फीत आणि कागद लावायची पाटी घेऊन तिने काउंटीतलं प्रत्येक घर, प्रत्येक गोठा, प्रत्येक कोंबड्यांचं खुराडं मोजलेलं होतं. प्रत्येक घराचं एक कार्ड. घर पडलं, जळलं, की कार्डाच्या खाली 'नाही' असं लिहायचं आणि ते वरच्या खणातून काढून खालच्या खणात टाकायचं. खालचा खण आता वरच्यापेक्षा जड झाला होता.

खाट अर्विनसाठी होती, तिच्या नवऱ्यासाठी. कळ फिरवली की वर-खाली होणारी, भक्कम लोखंडाची, आजारी माणूस आहे तोवर वापरायला दिलेली. अर्धांगाच्या झटक्यात अर्विनची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. डावा हात थोडा हलायचा. त्यातली तर्जनी चांगली होती. लिओटाने खाट पुढच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीला लावून घेतली, कारण त्या तर्जनीला काम हवं होतं.

इथली पद्धत अशी: समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट उचलायचं. नमस्कार तो एवढाच. समोरचा ओळखीचा असो, नसो. ज्याच्यासाठी बोट उचललं तो माणसांत जमा. अर्विन खिडकीतून प्रत्येक गाडीसाठी बोट उचलायचा आणि गाडीवाले त्याच्यासाठी उचलायचे. दिवसाला दहा-बारा गाड्या. संध्याकाळी लिओटा विचारायची, "किती?" आणि तो पापण्या मिटून आकडा सांगायचा.


हावलिकांकडे? चर्च होतं तिथून पश्चिमेला. शाळेला कुलूप घालणाऱ्या बाईचं घर विचारा, कुणीही दाखवेल.
(डोरीन स्वोबोडा, सोसायटीतल्या कॉफीच्या टेबलावर, मार्च)

वेल्डनच्या शाळेत बारा वर्गांत मिळून अडतीस मुलं उरली होती. छप्पर गळत होतं आणि गणिताला शिक्षक टिकत नव्हता. शाळा समितीत पाच जण. फेब्रुवारीच्या बैठकीत दोन हात बंद करण्याच्या बाजूने वर झाले, दोन विरोधात. पाचवा हात लिओटाचा. तिने आकडे वाचून दाखवले आणि हात वर केला. मुलं आता एकोणीस मैलांवरच्या ऑर्डेलला जाणार होती. त्या ऑर्डेलला फुटबॉलमध्ये हरवणं, हेच वेल्डनचं सत्तर वर्षांचं सुख होतं.

कुणी आरडाओरडा केला नाही. लॉफ्टस काउंटीत कुणी कधी करत नाही. डोरीन, जी पहिलीपासून लिओटाच्या शेजारी बाकावर बसलेली, तिने फक्त शाळेच्या कपाटातला आपल्या नवऱ्याच्या नावाचा चषक घरी नेला आणि टेबलावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लिओटाची फीत लागली की समजावं, आता खालचा खण."

सगळे हसले. लिओटाही हसली. रागावलेली माणसं थट्टा करतात आणि थट्टा करता करता राग उतरतो, असा तिचा अनुभव होता.


माझ्याकडे यायचं? उत्तरेला चार, मग पश्चिमेला. हावलिकांचं घर होतं तिथून डावीकडे.
(व्हर्लिन टॉफ्ट, बियाण्याच्या ट्रकवाल्याला, मे. लिओटा त्याच टेबलावर बसली होती)

व्हर्लिन त्यांचा शेजारी. अर्विन आजारी पडल्यापासून त्यांची जमीन तोच कसायचा. गावच्या आग विझवणाऱ्या बिनपगारी तुकडीचा मुख्यही तोच. वाईट माणूस नव्हता. बर्फ पडलं की न सांगता त्यांच्या दारापर्यंतची वाट साफ करून जायचा.

"होतं?" लिओटा म्हणाली. "अरे व्हर्लिन, आहे की."

व्हर्लिनच्या कानापर्यंत लाली चढली. "सवय गं. तोंडातून गेलं."

डोरीन किटली घेऊन उठली आणि टेबलाभोवती सगळ्यांचे कप भरत गेली. लिओटाचा कप राहिला. ती विसरली असेल.

त्या आठवड्यात संध्याकाळी लिओटाने विचारलं, "किती?" अर्विनने पापण्या दोनदा मिटल्या. दुसऱ्या दिवशी एकदाच. मग तिने स्वतः खिडकीशी बसून पाहिलं. गाड्या तेवढ्याच जात होत्या. अर्विनचं बोट प्रत्येकीसाठी वर जात होतं. गाडीतली बोटं खालीच होती. गाडीवाले तोंड फिरवत होते असंही नाही. खिडकीकडे बघत होते. पडक्या घराकडे जाता जाता बघतात तसं.


लिलॅक हवेत ना? हावलिकांच्या जुन्या जागेवर जा. तिथली झुडपं अजून फुलतात. कुणाला विचारायला नको.
(डोरीन, चर्चच्या बायकांना, मे अखेर)

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी इथे थडग्यांवर फुलं वाहतात. फुलं आणायची ती ओसाड घरांच्या अंगणातून. माणसं गेली, घर गेलं, तरी लिलॅक राहतात. ते सगळ्यांचे.

रविवारी सकाळी लिओटा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. अंगणात डोरीनची गाडी थांबली. लिओटाला इतकं बरं वाटलं की ती सुरी हातात घेऊनच अर्धवट उठली. डोरीन बादली आणि कात्री घेऊन उतरली आणि झुडपं छाटायला लागली. सगळी. कळ्यासुद्धा. बादली भरल्यावर ती घराकडे आली, खिडकीच्या काचेला नाक लावलं आणि दोन्ही हातांची ओंजळ डोळ्यांच्या बाजूने धरून आत पाहिलं.

दोघींच्या मध्ये तीन फूट अंतर होतं. लिओटाने हात वर केला. बटाट्याची साल तिच्या अंगठ्यावरून लोंबत होती.

डोरीनच्या श्वासाने काच धुरकट झाली. ती मागे वळून गाडीतल्या कुणाला तरी म्हणाली, "किती नेटकं ठेवलं होतं बाईने."

लिओटा बाहेर धावली तोवर गाडी वळली होती. काचेवरचा तो धुरकट गोल मात्र बराच वेळ गेला नाही. लिओटाने तो बाहेरून फडक्याने पुसला.


हावलिक, अर्विन आणि लिओटा. लाकडी, दीड मजली, २८ फूट बाय ३६. पुढची खोली १४ बाय १६. खिडक्या अकरा. नाही.
(घरपट्टी कचेरी, खालचा खण)

कार्ड तिला जूनमधल्या एका मंगळवारी सापडलं. वरच्या खणात हावलिकांच्या जागी मोकळी फट होती. खालच्या खणात ते ऑपडालांच्या कार्डाला चिकटून उभं होतं. 'नाही' हा शब्द शाईत होता. 'ह' ची शेपटी तिच्याच वळणाची. तिने तो लिहिलेला नव्हता.

ऑपडालांचं कार्ड तिने उगाच बाहेर काढलं आणि लगेच परत ठेवलं. पण काढल्यावर ते आठवणारच होतं.

अकरा वर्षांपूर्वी बेथनीच्या चर्चजवळ इंगा ऑपडाल नावाची म्हातारी एकटी राहायची. चर्चला दफनभूमी वाढवायला अर्धा एकर हवा होता, इंगाने नाही म्हटलं. त्यानंतर कधीतरी टेबलावर कुणी म्हणालं, ऑपडालांचं घर होतं तिथून सरळ. हळूहळू सगळेच म्हणायला लागले. लिओटासुद्धा. सगळे म्हणतात म्हटल्यावर तिने कार्डावर 'नाही' लिहून टाकलं. न मोजता, जागेवर न जाता लिहिलेलं ते तिच्या नोकरीतलं एकमेव कार्ड. पुढे आगीच्या तुकडीने सरावासाठी ते घर पेटवलं. ओसाड घरं अशीच जातात, तुकडीला शिकायला मिळतं आणि शेताला जागा. लिओटा रूबार्बच्या आंबट देठांचा केक घेऊन गेली होती. आग चढल्यावर तुकडीतला एक नवखा म्हणाला की पश्चिमेच्या खिडकीत काहीतरी हललं. घरांतलं लिओटाला कळतं म्हणून सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"पडदे जळताना असंच दिसतं," ती म्हणाली होती.

कार्ड तिने वरच्या खणात ठेवलं. पुढच्या मंगळवारी ते खाली होतं. तिने पुन्हा वर ठेवलं. तिसऱ्या मंगळवारी तिने ठेवलं नाही.

मग तिने जे तिला येत होतं ते केलं. नीट तपासून पाहिलं. दुकानात जाऊन म्हणाली, "मला पीठ हवंय." दुकानदार पेपर वाचत राहिला. तिने दोनदा सांगितलं. मग पाठीमागे उभ्या बाईला त्याने विचारलं, काय देऊ. दुसऱ्या दिवशी लिओटाने वाक्य बदललं. म्हणाली, "आम्ही पीठ नेहमी इथूनच न्यायचो."

दुकानदाराने मान वर केली. चेहरा उजळला. "लिओटा! हो तर. हावलिक म्हणजे जुनं गिऱ्हाईक होतं." आणि पिठाची पिशवी स्वतः गाडीपर्यंत आणून दिली.

तिने आणखी पाच-सहा ठिकाणी करून पाहिलं. 'आहे' म्हटलं की कुणाला ऐकू जात नव्हतं. 'होतं' म्हटलं की माणसं वळायची, मायेने बोलायची. वाट सापडली म्हणून तिला पहिल्यांदा हायसं वाटलं. औषधं तिने तशीच आणली. मीठ, साबण, अर्विनचे लंगोट, सगळं भूतकाळात.

फक्त घरात ती तसं बोलत नव्हती. अर्विनच्या खोलीत एकदाही नाही. ते तिने पक्कं ठरवलं होतं. एवढा एक माणूस तिला 'आहे'मध्ये ठेवायचा होता.

ऑर्डेलच्या शुश्रूषागृहात अर्विनला हलवावं म्हणून तिने फोन केला. पलीकडची मुलगी चांगली होती, पण रुग्णाचं नाव सांगितलं की म्हणायची, आवाज येत नाहीये. रुग्णाबद्दल 'होता' असं सांगून जागा कशी मागणार? तिने त्याला स्वतःच ट्रकमध्ये घालायचं ठरवलं. अर्विन सहा फुटी, आजारातही शंभर किलोच्या जवळ. दोघं उंबऱ्यात पडली. त्याला परत खाटेवर घ्यायला तिला दुपार लागली. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याचं बोट तिच्या मनगटावर हळूहळू वर-खाली होत होतं, समोरून गाडी यावी तसं.


सरळ पेरत जा. मध्ये काही नाही.
(व्हर्लिन, त्याच्या गड्याला, सप्टेंबर)

गव्हाच्या पेरणीला व्हर्लिनचं यंत्र दर वर्षी लिलॅकपाशी वळायचं. या वर्षी वळलं नाही. तीस फुटी पेरणीयंत्र अंगणात शिरलं, कपडे वाळत घालायच्या तारेचा खांब आडवा करून पुढे आलं. लिओटा पायऱ्यांसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. ट्रॅक्टर चालवणारा गडी गाणं गुणगुणत होता. ओठ हलताना तिला दिसत होते. चाक तिच्यापासून हातभर अंतरावर आलं तेव्हा ती बाजूला झाली.

दहा दिवसांनी गहू उगवला. सरळ हिरव्या रेषा अंगणातून येऊन घराच्या भिंतीला टेकल्या आणि मागच्या भिंतीपासून पुन्हा सुरू झाल्या. पायऱ्यांच्या फटीतही एक रेष होती. लिओटाने ती उपटली. मग मागच्या दारातून स्वयंपाकघरात आली, तर जमिनीच्या दोन फळ्यांमध्ये, टेबलाखाली, तीच रेष पुढे चालू होती. कोवळी, पिवळट, अंधारात वाढल्यासारखी. तिने फीत आणून मोजलं. बाहेरच्या रेषांमध्ये जेवढं अंतर, साडेसात इंच, तेवढंच.

त्या महिन्यात नव्या पाद्रीबाई आल्या, ग्रीअर नावाच्या. जुने पाद्री महिन्यातून एकदा अर्विनसाठी प्रसादाची भाकर घेऊन यायचे. पाद्रीबाई आल्या नाहीत. त्यांना कुणी सांगितलंच नसणार.


शनिवारी सकाळी नऊ वाजता सरावाची आग. हावलिकांची जुनी जागा. वारा नसेल तर. कॉफी मिळेल. केक आणणार असाल तर डोरीनला सांगा.
(सोसायटीच्या फळ्यावर, ऑक्टोबर)

वारा नव्हता.

लिओटाने फळा पाहिलाच नव्हता. आठवडाभर ती गावात गेली नव्हती. सकाळी ती अर्विनला लापशी भरवत होती तेव्हा पहिली गाडी अंगणात आली. अर्विनने बोट उचललं. मग दुसरी. मग पाण्याची टाकी, मग आगीची लाल गाडी. चौदा गाड्या आल्या आणि अर्विनचं बोट चौदा वेळा वर गेलं. त्याचा अर्धा चेहरा हसत होता. इतक्या गाड्या त्याने वर्षभरात एकदम पाहिल्या नव्हत्या.

तुकडीतली माणसं पेंढ्याचे गठ्ठे घेऊन आत आली. पाय पुसले नाहीत. एक गठ्ठा जिन्याखाली, एक स्वयंपाकघरात. सोसायटीत वजनकाटा सांभाळणारा माणूस पुढच्या खोलीत आला, इकडेतिकडे पाहिलं आणि गठ्ठा खाटेच्या पायथ्याशी ठेवला. चादर पेंढ्यात अडकली, ती त्याने सोडवली. तेवढी काळजी घेतली.

लिओटा त्याच्या दंडाला लोंबकळली. तो कोट नीट करावा तसा दंड झटकून बाहेर गेला.

तिने अर्विनच्या काखेत हात घालून ओढलं. खाटेवरून तो दोन वीत सरकला. आणखी नाही.

ती बाहेर धावली.

गव्हाच्या रेषांपलीकडे टेबल मांडलं होतं. कॉफीचा पिंप होता. डोरीन केक कापत होती. पाद्रीबाई पुस्तक मिटून, डोळे मिटून म्हणत होत्या, ज्यांनी या घरात संसार केला, ज्यांनी इथे भाकर मोडली, त्या सर्वांसाठी. सगळ्यांनी टोप्या काढल्या होत्या.

"अर्विन आत आहे," लिओटा म्हणाली.

आमेन, सगळे म्हणाले.

"व्हर्लिन, अर्विन आत आहे."

व्हर्लिनने हातमोजे चढवले.

ती डोरीनसमोर उभी राहिली, तोंडासमोर तोंड, पहिलीत बाकावर बसायची तशी. "डोरीन. तो आत आहे गं."

डोरीनने तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि विचारलं की काटे-चमचे कुणी आणलेत का.

जिन्याखालच्या खिडकीत पहिला धूर दिसला. पातळ, निळसर.

ऐकू जायची एकच वाट होती. ती लिओटाने स्वतः शोधली होती, सहा ठिकाणी तपासून घेतली होती. आधी ऐकू तर जाऊ दे, तिला वाटलं. एकदा वळले की मग सांगता येईल.

"अर्विन आत होता," ती म्हणाली.

सगळे वळले.

चाळीस-पन्नास चेहरे, एकदम. सगळे ओळखीचे. सगळ्यांना ती दिसत होती. डोरीनने सुरी खाली ठेवली आणि येऊन तिच्या खांद्यांभोवती हात टाकला.

"हो गं," ती म्हणाली. "त्या खिडकीशीच असायचा. चांगला माणूस होता."

"आत्ता होता, डोरीन. आत्ता, या घटकेला."

"तसंच वाटतं. माझे वडील गेले तेव्हा मला वर्षभर वाटायचं, आत्ता इथे होते."

व्हर्लिन जवळ आला. त्याने हेल्मेट काढून छातीशी धरलं, थोडा वेळ. डोळे ओले होते. मग हेल्मेट चढवलं आणि बाकीचे गठ्ठे पेटवायला तुकडीकडे बघून हात वर केला.

लिओटाने 'आहे' म्हणायला तोंड उघडलं. शब्द तिला ठाऊक होता. जीभ टाळूला लागली आणि तिथेच राहिली.

डोरीनचा हात खांद्यावर होता. जड नव्हता. झटकला असता तर पडला असता. पण मे महिन्यापासून तिला गावातल्या कुणी हात लावला नव्हता, आणि त्या हाताची ऊब कोटातून खाली, पाठीत उतरत होती. कुणीतरी तिच्या हातात कागदी ताटली दिली. कुणीतरी कप दिला आणि तो काठोकाठ भरला.

"रूबार्बचाच आहे," डोरीन म्हणाली. "तुझ्याच पद्धतीने केलाय."

पश्चिमेची भिंत पेटली. मग छप्पर.

पुढच्या खोलीच्या खिडकीत, काचेच्या खालच्या कोपऱ्यात, एक बोट वर गेलं. खाली आलं. पुन्हा वर गेलं.

"अहो, त्या खिडकीत काहीतरी हललं का?" पाद्रीबाईंनी विचारलं. त्या नव्या होत्या.

घरांतलं जिला कळतं तिच्याकडे सगळे बघत होते. वाट बघत होते.

अकरा वर्षांपूर्वी बेथनीजवळच्या त्या दुसऱ्या खिडकीत इंगा ऑपडाल केस विंचरत होती. हे लिओटाने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. अर्विनलाही नाही. आता आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे पाहताना तिच्या लक्षात आलं, की सांगायची गरजच नव्हती.

तिने केकचा तुकडा गिळला.

"पडदे जळताना असंच दिसतं," ती म्हणाली.


खाट परत न्यायची? हो, या ना. उत्तरेला चार मैल, न्यू टाबोरचं चर्च होतं तिथपर्यंत. मग पश्चिमेला, लोखंडी पूल होता तो ओढा ओलांडून एक मैल. उजव्या हाताला हावलिकांचं घर होतं. आता सगळा गहूच आहे, पण लिलॅक दिसतील. त्यांच्यापासून वीस पावलं आत जा, सापडेल, लोखंडाची आहे. आणि वाटेत समोरून कुणी आलं तर एक बोट उचला. आमच्याकडे पद्धत आहे.
(लिओटा, फोनवर, वेल्डनहून)